दुखवट्याचा ठराव

श्रीनिवास सरांच्या घरी मुख्य सभेच्या दिवशी वर्तमानपत्र मागच्या बाजूने उघडलं जायचं. पालिकेची महिन्याची सभा असली की सर राजकारण, क्रिकेट सगळं बाजूला ठेवून आधी निधनवार्तांचं पान काढत. चष्मा पुसून, बोट फिरवत, वरून खाली. कोणी माजी महापौर, कोणी बुजुर्ग गायक, लांबच्या राज्यातला एखादा मंत्री गेलेला नाही अशी खात्री पटली, की स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "चहा टाका, आज सगळे ठणठणीत आहेत." परक्या थोरामोठ्यांच्या तब्येतीची त्यांनी जेवढी काळजी वाहिली, तिच्या निम्मी स्वतःच्या रक्तदाबाची वाहिली असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या पत्नी हेमाताईंना आता वाटे. आता वाटून काय उपयोग म्हणा.

या काळजीला कारण होती सभागृहाची एक रीत. कोणी नाव असलेला माणूस गेला, की सभा सुरू होताच दुखवट्याचा ठराव यायचा. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि गेलेल्याचा मान म्हणून सभा तहकूब. त्या दिवसाचे सगळे विषय पुढच्या महिन्यावर. मुळात कोणी तरी चांगल्या मनानेच सुरू केली असणार ही रीत. पण एखाद्या विषयावर हो म्हटलं तर अमके चिडतात, नाही म्हटलं तर तमके चिडतात, अशी पंचाईत असली की कोणाचं तरी मरण फार सोयीचं पडतं, हे कळायला सभागृहाला वेळ लागला नव्हता.

सरांचा विषय अशाच पंचाईतीतला होता. ते कर्वेनगरातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. मुलींच्या खो-खोचे संघ त्यांनी उभे केले, आणि शाळेला मैदानच नव्हतं. अंगणात सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवलेले. त्यावर सूर मारायचा म्हणजे गुडघे गेलेच. शाळा सुटली की रक्ताळलेल्या गुडघ्यांच्या मुली सरांच्या घरी येत, आणि हेमाताई कापूस आणि आयोडीन घेऊन दारातच बसत. शाळेच्या मागे मात्र एक मोठा मोकळा भूखंड पडून होता. शहराच्या विकास आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण होतं, म्हणजे तिथे मैदानाशिवाय दुसरं काही बांधता येणार नव्हतं. फक्त पालिकेने मालकाला मोबदला देऊन ती जागा ताब्यात घ्यायची होती.

एवढ्या एका 'फक्त' पायी सरांची वीस वर्षं गेली. नगरसेवकांकडे जावं, तर ते म्हणत, आमची तयारी आहे, प्रशासन प्रस्तावच आणत नाही. आयुक्तांच्या कार्यालयात जावं, तर तिथे सांगत, सभागृहाची इच्छाशक्ती नाही. मग नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि चार वर्षं आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून त्यांनीच प्रस्ताव मांडायचा आणि सभागृह म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा. सरांना वाटलं, आता तरी टोलवाटोलवी संपली, एकाच माणसाच्या डाव्या हाताने उजव्या हाताला द्यायचं आहे. त्यावर उत्तर आलं, की असे निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहानेच घेतलेले बरे. सर घरी आले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. हेमाताईंनी ताट झाकून ठेवलं आणि मनातल्या मनात त्या मैदानाला सवतीसारखी एक शिवी दिली.

जानेवारीत निवडणुका झाल्या. प्रभागातून नम्रता निवडून आली. ती सरांचीच खेळाडू, डाव्या गुडघ्यावर अजून पेव्हर ब्लॉकची खूण मिरवणारी. तिने खटपट करून प्रस्ताव एकदाचा सभेच्या विषयपत्रिकेवर आणला. एका महिन्यात एक ज्येष्ठ नट गेले, सभा तहकूब. पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यातले एक माजी राज्यपाल गेले, सभा तहकूब. आणि तिसऱ्या सभेची वाट बघत असताना, एका दुपारी शाळेतून आल्यावर पाणी मागून, सर स्वतःच गेले.

तेरावं होऊन गेलं आणि नम्रताचा फोन आला. हेमाताईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांची मुलगी अवनी आणि सरांचे मित्र दिगंबरराव समोरच बसले होते.

"काकू, सोमवारी मुख्य सभा आहे. सरांच्या दुखवट्याचा ठराव मी मांडतेय. माझं सभागृहातलं पहिलं मोठं भाषण सरांवर," नम्रता सांगत होती. "तुम्ही यायचं हं गॅलरीत."

"आई, किती छान!" अवनी म्हणाली. "लाइव्ह असतं ना ते? मी ऑफिसमध्ये सगळ्यांना लिंक पाठवते."

हेमाताईंनाही बरं वाटलं. वीस वर्षं ज्या इमारतीचे उंबरे माणसाने झिजवले, तिथे त्याचं नाव एकदा तरी घेतलं जाणार होतं. पण दिगंबररावांनी कप खाली ठेवला होता. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नागरिक मंचात सरांचे उजवे हात आणि बोलायला फटकळ. फोन बंद होताच ते बोलले.

"वहिनी, सोमवारच्या सभेत आपलं मैदान आहे."

"मग?"

"मग काय. सरांसाठी सभा तहकूब होणार. पुढची सभा पुढच्या महिन्यात. आणि मुदत या महिन्याअखेर संपतेय."

मुदतीचं हेमाताईंना माहीत होतं, घरात दुसरं बोलणं नव्हतंच. जमिनीच्या मालकाने पालिकेला नोटीस दिली होती: एक तर जागा घ्या, नाही तर सोडा. कायद्याने ठरलेल्या मुदतीत पालिकेने पाऊल उचललं नाही, तर आरक्षण आपोआप उठणार होतं. मग तिथे मैदानाऐवजी इमारत. सोमवारची सभा ही शेवटची संधी होती, आणि सरांच्या मरणाने ती हुकणार होती.

हेमाताईंना हसू फुटलं. सर गेल्यापासून पहिल्यांदाच. अवनी घाबरून बघत राहिली.

"सगळ्यांची नावं बघायचे हो त्या पानावर," हेमाताई डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःचं तेवढं बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव आले. भूखंडाचे मालक तेच. कर्वेनगर शहरात येण्याआधी त्यांच्या घराची तिथे शेती होती. पांढरी टोपी मांडीवर ठेवून ते खुर्चीच्या कडेला बसले.

"वैनी, सर लई भला मानूस. माज्या जमिनीमागं लागला व्हता, पन भेटला की आदी माज्या दम्याची चौकशी करायचा."

"तुम्हाला राग नाही आला कधी त्यांचा?"

"राग कुनाकुनाचा धरू? तीस वर्सं झाली. जमीन इकता येत न्हाई, पिकवता येत न्हाई. पालिका पैसं देईना अन सोडंना बी. बाप वाट बघून गेला, म्या म्हातारा झालो."

"सोमवारी ठराव झाला आणि मोबदला मिळाला, तर चालेल तुम्हाला?"

हिंदुरावांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. "मला चाललं. पोराला चालायचं न्हाई. त्यानं बिल्डरसंगं बोलनी केल्यात. बिल्डरची मानसं समद्यांना भेटून आल्यात वैनी. ह्या पक्षाच्या बी अन त्या पक्षाच्या बी. तुमास्नी खोटं कशाला सांगू." मग त्यांनी पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि हात जोडून ते गेले. हेमाताईंना त्यांचा राग यायला हवा होता. पण ते आणि सर, दोघंही एकाच रांगेत तीस-वीस वर्षं उभी राहिलेली माणसं, राग कुठून आणायचा?

गुरुवारी हेमाताई आणि दिगंबरराव 'मनपा' पाटी लावलेल्या बसने पालिकेत गेले. नम्रताला सगळं सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली.

"काकू, शपथ सांगते, मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, नट आणि राज्यपाल म्हणजे व्हीआयपी म्हणून तहकूब केली. सरांसाठी आपण उभे राहू, मी बोलेन, आणि मग विषय सुरू होतील. उलट मला वाटलं, सरांबद्दल ऐकून सगळे मैदानाला हो म्हणतील."

"चूक नाही गं तुझी," हेमाताई म्हणाल्या. तिची चूक होती, पण प्रेमाने केलेली होती, आणि तिला रागवायला जेवढी ताकद लागते तेवढी त्यांच्यात उरली नव्हती.

तिघंही साईनाथांच्या दालनात गेली. साईनाथ हे सभागृह नेते, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाचा इथला कारभारी. ते उठून उभे राहिले, हेमाताईंच्या पाया पडले, चहा सांगितला. माणूस गोड होता, तीच अडचण होती.

"दुखवटा करा, पण तहकुबी नको," दिगंबरराव म्हणाले.

"असं कसं काका? दुखवटा झाला आणि लगेच ड्रेनेजच्या विषयावर बोललो, शोभेल का?"

"मग मैदानाचा विषय आधी घ्या आणि दुखवटा नंतर."

"गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं?" साईनाथांनी कानाला हात लावला. "आणि विरोधी पक्षाचंही अनुमोदन आलंय. या सभागृहात सगळ्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट आहे काकू. सरांची पुण्याईच म्हणायची."

"ती पुण्याई त्यांच्याच मैदानावर उलटतेय," हेमाताई म्हणाल्या.

साईनाथांनी चहाचा कप पुढे सरकवला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "हे बघा, कुटुंबाचीच इच्छा नसेल तर आम्ही जबरदस्ती कशाला करू? तसं लेखी द्या. सरांचा दुखवटा घेणार नाही. माझा शब्द."

हेमाताई आणि दिगंबरराव आयुक्तांच्या कार्यालयातही जाऊन आले. आयुक्त बैठकीत होते. त्यांच्या वतीने एक अधिकारी भेटले, अगदी नम्र. म्हणाले, "साहेबांनी प्रस्ताव वेळेत सभेपुढे ठेवलाय. प्रशासनाची बाजू पूर्ण आहे. आता सभागृह सार्वभौम आहे."

"आणि ते नव्हतं, तेव्हा साहेबच सार्वभौम होते," दिगंबरराव म्हणाले. "तेव्हा कुठे गेली होती ही बाजू?"

"तेव्हा आम्ही लोकप्रतिनिधींचा मान राखला," अधिकारी म्हणाले. खरं कारण दिगंबररावांनी बसस्टॉपवर सांगितलं. ठराव झाला की मोबदल्याची सोय आयुक्तांना करावी लागणार. नगरसेवकांना बिल्डर दुखवायचे नाहीत आणि कर्वेनगरचे मतदारही दुखवायचे नाहीत. बिल्डरला फक्त महिना संपायला हवाय. तिघांनाही पुरेल अशी एकच गोष्ट आहे, सभा न होणं.

पत्र लिहायला हेमाताई रात्रीचं जेवण आवरायच्या आधीच बसल्या. अवनी चिडली होती.

"आई, बाबांना आयुष्यात मिळालं काय? ना बढती, ना पुरस्कार. एक श्रद्धांजली मिळतेय, तीही तू परत करणार?"

"त्यांना श्रद्धांजली नको होती गं. मैदान हवं होतं."

"आणि तुला? तूच म्हणायचीस ना, त्या मैदानाने माझा संसार खाल्ला?"

"खाल्लाच," हेमाताई म्हणाल्या. "म्हणून तर आता ते मिळायला हवं. नाही तर तो कशासाठी खाल्ला?"

अवनीने मग जेवणाची भांडी आवरायला घेतली. हेमाताईंनी लिहिलं, की माझ्या पतींच्या निधनाबद्दल सभागृहाने दुखवटा पाळू नये अशी आम्हा कुटुंबीयांची इच्छा आहे. दोन ओळींचं पत्र. पण सही करण्याआधी त्यांनी ते तीनदा वाचलं. नवऱ्याची ओळख आपणच भर सभेत नाकारतोय, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी वर्तमानपत्र मागून उघडलं. चष्मा पुसला, बोट फिरवत वरून खाली आल्या. एक निवृत्त तहसीलदार, एक किराणा दुकानदार, नाशिकच्या एक आजी. सभा तहकूब होईल असं कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःपुरता चहा टाकला आणि रिकाम्या खुर्चीला सांगितलं, "आज सगळे ठणठणीत आहेत."

गॅलरीत दिगंबररावांनी कडेची जागा धरली होती. पलीकडे दोन ओळी सोडून हिंदुराव बसले होते, एकटेच. खाली नगरसेवक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत येत होते. मैदानाचा विषय चौथा होता. नम्रताने वर बघून मान हलवली, म्हणजे पत्र पोचलं होतं. महापौर आले, आयुक्त आले, वंदे मातरम् झालं. हेमाताई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या मैदानाची सवत म्हणून नव्हे, घरातलं मूल म्हणून काळजी वाटत होती.

साईनाथ उभे राहिले.

"सन्माननीय महापौर, सांगायला अत्यंत दुःख होतं, की बिबवेवाडीच्या आपल्या एका माजी सहकाऱ्याच्या मातोश्री गोदाबाई यांचं आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झालं. मी दुखवट्याचा ठराव मांडतो, आणि आजची सभा तहकूब करावी अशी सूचना करतो."

"अनुमोदन," विरोधी पक्षनेते लगेच म्हणाले.

हेमाताईंना क्षणभर कळलंच नाही. त्यांनी दिगंबररावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. पहाटे गेलेलं माणूस सकाळच्या पेपरात कसं असणार?

नम्रता ताडकन उठली. "महापौर, एक विनंती आहे. तहकुबीच्या आधी फक्त विषय क्रमांक चार..."

"दुखवट्यात राजकारण नको!" चारी बाजूंनी ओरडा झाला. दोन्ही पक्षांचा, एका सुरात. तिचा माइक बंद पडला. ती तशीच उभी राहून बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण वर काही ऐकू येत नव्हतं.

मग सगळे उभे राहिले. आयुक्त सर्वांत आधी उठले, मान खाली घालून. गॅलरीही उठली. हिंदुरावांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. हेमाताईंना वाटलं, उभं राहायचं नाही. का राहायचं? पण गोदाबाईंचा काय दोष होता? ती म्हातारी बिचारी आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर, कोणाचं मैदान अडवायला गेली नव्हती. त्या उठल्या.

सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. सर गेल्यापासून त्या नीट रडल्या नव्हत्या. भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करण्यात, अवनीला सावरण्यात, पत्र लिहिण्यात दिवस निघून गेले होते. आता परक्या बाईसाठी उभ्या असताना त्यांना रडू आलं, आणि ते थांबेना. समोर एवढी माणसं मान खाली घालून उभी होती, आणि त्यातलं सरांसाठी कोणीच नव्हतं, आणि ते आपणच लिहून दिलं होतं. मानही गेला आणि मैदानही गेलं. पदर तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या एका बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमच्या नात्यातल्या होत्या का?"

"सभा तहकूब करण्यात येत आहे," महापौर म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्या.

जिन्यापाशी हिंदुराव थांबले होते. "वैनी," एवढंच ते म्हणाले आणि पुढे गेले. जिंकलेल्या माणसाची चाल ती नव्हती. नम्रता धावत आली आणि हेमाताईंच्या गळ्यात पडली. एवढी मोठी नगरसेविका, गुडघा फुटलेल्या पोरीसारखी हुंदके देत होती. हेमाताई तिला थोपटत राहिल्या. आज त्यांच्याकडे लावायला काही नव्हतं.

"बघा वहिनी," दिगंबरराव म्हणाले, "मैदानाच्या विरोधात एकानेही हात वर केला नाही." त्यांचा नेहमीचा फटकळपणा त्यात नव्हता, नुसता दमलेला आवाज होता.

तेवढ्यात साईनाथ माणसांच्या घोळक्यातून वाट काढत आले. चेहरा अजून दुखवट्याचाच होता. त्यांनी हात जोडले.

"काकू, तुमच्या पत्राबाहेर गेलो नाही हं. सरांचं नावसुद्धा निघू दिलं नाही."

हेमाताईंनी डोळे पुसले, पदर नीट केला. त्यांना ओरडता आलं असतं. पण ओरडायचं कोणावर? आयुक्तांची बाजू पूर्ण होती, सभागृहाने रीत पाळली होती, आणि समोरच्या माणसाने दिलेला शब्द अक्षरशः खरा केला होता.

"उपकार झाले," त्या म्हणाल्या. "आता एक करा. पुढच्या महिन्याच्या सभेत यांचा दुखवटा घेऊन टाका. आता त्याने कशाचंच नुकसान व्हायचं नाही."

साईनाथांचा चेहरा खुलला. एवढ्या गोड शेवटाची त्यांनी अपेक्षा केली नव्हती.

"नक्की काकू, पहिलाच विषय ठेवतो," ते म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या सहायकाला त्यांनी ते तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावलं.